प्रयोग ओळखा

आठवीत साबणे बाई फळ्यावर वाक्य लिहायच्या,
खाली दोन रेघा. प्रयोग ओळखा.
कर्ता सापडला की सगळं सापडतं, म्हणायच्या,
आणि खडू माझ्या हातात द्यायच्या.
भोरच्या त्या शाळेत मला दहापैकी दहा.

समितीचा अहवाल शिपाईमामांनी वाचनालयात आणून दिला,
वहीत सही घेतली, नजर टेबलाच्या पायाशी ठेवून.
'दि. ११ रोजी तालीम हॉलमध्ये अनुचित प्रकार घडला.'
मी सवयीनं दोन रेघा ओढल्या.
कर्ता: प्रकार.
म्हणजे प्रकार घडला. एकटाच. रात्री साडेनऊला,
लेव्हल्सच्या मागे,
जिथे जुन्या नाटकाची प्लायवूडची खिडकी
भिंतीला टेकवून ठेवलेली असते.

अध्यक्ष बाईंनी चष्मा पुसत विचारलं होतं,
तालीम संपल्यावर थांबलीस?
थांबले.
आपणहून आत गेलीस?
गेले.
ओरडलीस?
ओरडले नाही.
माझी सगळी क्रियापदं माझ्याच गळ्यात.
थांबले, गेले, बसले, पडले,
कर्तरी, कर्तरी, कर्तरी.

आणि त्याची?
त्याने कडी लावली.
लावली कुणाप्रमाणे? कडीप्रमाणे.
त्याने दिवा मालवला. दिव्याप्रमाणे.
त्याने मला धरलं.
धरलं, ना त्याच्यासारखं ना माझ्यासारखं.
भावे प्रयोग, बाई.
क्रियापद कुणाकडेच बघत नाही,
आमच्या गेटवरच्या वॉचमनसारखं.
शेवटी बाहेर पडताना तो हसला.
तेवढं एक कर्तरी होतं त्याचं,
ते अहवालात गाळलंय.

तोवर करंडक आला होता.
पार्किंगमध्ये गुलाल, ढोल,
कँटीनच्या अण्णांनी सगळ्यांना फुकट चहा पाजला.
प्राचार्य म्हणाले, बघ, पोरगं हुशार आहे,
पुढच्या महिन्यात प्रयोग आहे साताऱ्याला,
प्रयोग काही थांबवता येत नाही.
मला एकदम हसू आलं.
त्यांनी ते लिहून घेतलं असणार.

नाझनीन रोज माझा डबा उघडून ठेवायची,
पोळीचे तुकडे करून, लहान मुलाला करतात तसे,
आणि काही विचारायची नाही.
बाबा एसटीनं स्वारगेटला उतरले,
टिळक रस्ताभर कात्रजच्या ट्रॅफिकबद्दल बोलत राहिले.
मग चप्पलचा अंगठा नीट करत म्हणाले,
चल. कुठल्या चौकीत जायचं ते तू सांग.

हवालदार रंजना खुटवड एका बोटानं टाइप करतात.
सांगा.
म्हटलं, तो कडी लावतो.
त्यांनी 'लावली' टाइप केलं.
लावतो, म्हटलं.
अगं, झालंय ना ते? सात महिने झाले.
झालंय.
तरी लावतो लिहा.
तो कडी लावतो. तो दिवा मालवतो. तो मला धरतो.
वर्तमानात तो क्रियापदाला चिकटलेला असतो,
पुसला तर सगळं वाक्यच पुसावं लागतं.
आणि खोटं कुठाय त्यात?
रोज साडेनऊला, हॉस्टेलची ट्यूब जरा लुकलुकली
की लावतोच तो.

साहेब ओरडतील मला, खुटवड बाई म्हणाल्या.
पंख्यानं कागद उडत होते,
त्यांनी त्यांवर पाण्याची बाटली ठेवली.
मग बॅकस्पेस.
'ली' गेली,
तिथे 'तो' आला.

केस उभी राहील का, माहीत नाही.
वकील म्हणतात, उशीर फार झाला, भाषाही जरा विचित्र आहे.

नाव? त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.
बाहेर बाकावर बाबा खोकले.
मी एकेक अक्षर सांगत गेले.
आडनावातल्या जोडाक्षरापाशी त्या अडल्या,
कसं लिहायचं हे?
मी टेबलावरच्या धुळीत
बोटानं काढून दाखवलं,
मोठं.